शास्त्रवचनाचे नित्यजीवनातील उपयोजन : ख्रिस्ती दैनिक मननपद्धतीचा एक विचार

प्रास्ताविक

धर्मग्रंथाचे पठण आणि धर्मग्रंथानुसार आचरण यांतील अंतर सर्वच धर्मपरंपरांना जाणवलेले आहे. ज्ञानेश्वरीचे पारायण, हरिपाठ, दासबोधाचे नित्यवाचन या प्रथा महाराष्ट्राच्या घराघरांत रुजलेल्या आहेत; आणि पारायण आटोपून पोथी बासनात गेली की व्यवहार पूर्ववत सुरू होतो, हा अनुभवही तितकाच परिचित आहे. ख्रिस्ती परंपरेतील याकोबाच्या पत्रात हेच अंतर एका साध्या दाखल्याने दाखविले आहे. वचन ऐकून त्याप्रमाणे न वागणारा मनुष्य आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्यासारखा आहे. आपण कसे दिसत होतो, हे तो लगेच विसरतो (याकोब १:२३-२४). हे अंतर मिटविण्यासाठी ख्रिस्ती समाजाने जे उपाय शोधले, त्यांपैकी सर्वांत दीर्घकाळ टिकलेला आणि सर्वांत घरगुती उपाय म्हणजे दैनिक मनन. रोज पवित्र शास्त्रातील एखादा उतारा वाचावा, त्यावर थोडा वेळ स्वस्थ बसून विचार करावा, प्रार्थना करावी आणि दिवसाच्या कामाला लागावे, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे.

प्रस्तुत लेखात या पद्धतीची घडण, तिचा एक इतिहासप्रसिद्ध दाखला आणि तिच्यात हमखास शिरणारा एक दोष यांचा ऊहापोह केला आहे. ख्रिस्ती सिद्धान्तांची सत्यासत्यता ठरविणे हा या लेखाचा हेतू नाही. ग्रंथाचे वचन माणसाच्या दिवसात उतरते तेव्हा नेमके काय घडते, हा येथील प्रश्न आहे. ग्रंथ हेच ज्यांच्या कामाचे साधन आहे अशा अध्यापकवर्गाला, त्याचा धर्म कोणताही असो, हा प्रश्न परका वाटू नये. लेखकाचे प्रतिपादन असे की, वचन सोयीपुरते सुटे काढले तर ते वाचकाच्या आधीच ठरलेल्या इच्छेची पाठराखण करू लागते. त्याच्या मागेपुढे काय आहे हे वाचण्याची सवय असेल, तरच ते वाचकालाच प्रश्न विचारू शकते.

मननपद्धतीची घडण

जुन्या करारातच नित्यमननाची आज्ञा आहे. घरी बसताना, मार्गाने चालताना, निजताना व उठताना या वचनांविषयी बोलत जावे, असे अनुवाद ६:७ मध्ये सांगितले आहे. येथे मंदिराचा उल्लेख नाही; घर, रस्ता आणि अंथरूण यांचा आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पहिल्या स्तोत्रात नीतिमान मनुष्य रात्रंदिवस नियमशास्त्राचे मनन करतो असे म्हटले आहे. त्या ठिकाणचे मूळ हिब्रू क्रियापद हलक्या आवाजात पुटपुटण्याचे वाचक आहे. यशयाच्या ग्रंथात तेच क्रियापद सिंहाच्या गुरगुरण्यासाठी (३१:४) आणि पारव्याच्या घुमण्यासाठी (३८:१४) आले आहे. म्हणजे मनन हा मुळात निःशब्द चिंतनाचा प्रकार नव्हता; शब्द ओठांवर घोळवत राहणे, असा त्याचा अर्थ होता. जपाची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मध्ययुगीन मठांत या सवयीला क्रम मिळाला. बाराव्या शतकातील दुसरा गुइगो या कार्थुसियन संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्यांची शिडी वर्णिली. बृहदारण्यकोपनिषदातील श्रवण, मनन व निदिध्यासन यांच्याशी असलेले तिचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. मात्र या साम्यावर फार भर देणे योग्य नाही. उपनिषदातील क्रम आत्मज्ञानाकडे नेणारा आहे, तर गुइगोच्या शिडीवर प्रार्थना ही स्वतंत्र पायरी आहे. म्हणजे तेथे वाचक ज्याचे वचन वाचतो त्याच्याशी बोलू लागतो. पुढे इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ साली छापल्या गेलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाने दैनंदिन आत्मपरीक्षणाला नेमके रूप दिले. दिवसभरात काय घडले, कोठे चुकले, कोठे कृपा लाभली, याचा तपशीलवार आढावा त्यात अपेक्षित असतो. सकाळच्या वाचनाचा हिशेब संध्याकाळी द्यावयाचा, ही कल्पना यामुळे पक्की झाली. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स याच शिस्तीत घडले होते. गोव्यात १५७९ मध्ये आलेल्या या इंग्रज धर्मगुरूने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती समाजाला तशाच स्वरूपाचे वाचन हवे होते, ही गरज त्यांनी ओळखली होती.

प्रॉटेस्टंट पंथात मठ नव्हते. त्यामुळे नित्यमननाचे स्थान घर झाले. पुढील काळात या घरगुती मननासाठी अनेक साधने तयार झाली. स्कॉटलंडमधील डंडी येथील पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साली एक वाचनक्रम आखला. तो पाळल्यास एका वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. ऑस्वल्ड चेंबर्स यांचे १९१७ मध्ये इजिप्तमध्ये निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी स्वतः लघुलिपीत टिपलेल्या व्याख्यानांतून वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक पान असे पुस्तक सिद्ध केले. ‘माय अटमोस्ट फॉर हिज हायेस्ट’ या नावाने ते १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही वाचले जाते. मॅकशेन यांच्या क्रमात ग्रंथ सलग वाचला जातो. चेंबर्स यांच्या पुस्तकात रोज एक वचन व त्यावरचे निरूपण असते. सलग ग्रंथ की सुटे वचन, हा तिढा येथूनच सुरू होतो. तो समजून घेण्यासाठी थोडे मागे, अठराव्या शतकातील जर्मनीत जावे लागेल.

हेर्नहुटची दिनवचने

सॅक्सनीमधील काउंट निकोलाउस लुडविग फॉन झिंझेनडॉर्फ यांच्या जहागिरीत मोरावियातून परागंदा झालेल्या धर्मनिष्ठांनी हेर्नहुट नावाची वसाहत उभारली होती. तेथे ३ मे १७२८ रोजी संध्याकाळच्या उपासनेत झिंझेनडॉर्फ यांनी दुसऱ्या दिवसासाठी एक बोधवचन दिले. पुढे ही रोजची रीत झाली व ते वचन वसाहतीत घरोघरी जाऊन सांगितले जाऊ लागले. सैन्यात पहारेकऱ्याला जसा परवलीचा शब्द दिला जातो, तसा हा त्या दिवसाचा शब्द होता. जर्मन भाषेतील ‘लोझुंग’ या नावाचा अर्थही तोच आहे. १७३१ सालासाठी वर्षभराच्या वचनांचे पहिले पुस्तक छापले गेले. तेव्हापासून ही मालिका चालू असून आज ती पन्नासांहून अधिक भाषांत निघते.

या पुस्तकाची निवडपद्धती कुतूहलजनक आहे. जुन्या करारातील निवडक वचनांच्या संग्रहातून प्रत्येक दिवसाचे वचन चिठ्ठी काढून ठरते. त्याला जुळणारे नव्या करारातील वचन मात्र विचारपूर्वक निवडले जाते, आणि सोबत एखादी प्रार्थना किंवा गीताचे कडवे जोडले जाते. चिठ्ठी काढणे हे वरवर पाहता दैववादाचे लक्षण वाटेल. आपल्याकडे पोथीचे पान उघडून कौल घेणारे लोक असतातच. तथापि येथे एक फरक आहे. चिठ्ठी बरीच आधी निघते आणि सर्वांसाठी निघते. कोणा एकाच्या अडचणीला उत्तर म्हणून वचन काढलेले नसते. उलट सर्वांना एकच वचन मिळते व प्रत्येकाने ते आपल्या दिवसाशी ताडून पाहावयाचे असते. वाचकाला निवडीचा अधिकार नसल्यामुळे आवडीचीच वचने पुन्हा पुन्हा वाचण्याचा मोह टळतो. लेखकाच्या मते या पद्धतीचे खरे बळ येथे आहे.

फिंकेनवाल्ड, न्यूयॉर्क, फ्लॉसेनबर्ग

या दिनवचनांचा विसाव्या शतकातील सर्वांत लक्षणीय वाचक म्हणजे जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर. नाझी राजवटीला शरण जाण्यास नकार देणाऱ्या ‘कन्फेसिंग चर्च’ने पाळकांच्या प्रशिक्षणासाठी काढलेल्या एका विद्यालयाचे ते १९३५ पासून प्रमुख होते. हे विद्यालय श्टेटीनजवळच्या फिंकेनवाल्ड येथे भरत असे. तो भाग आता पोलंडमध्ये आहे. तेथे बोनहॉफर यांनी एक नियम घातला. रोज सकाळी अर्धा तास प्रत्येकाने शास्त्रातील एका लहान उताऱ्यावर मौन मनन करावयाचे, आणि तोच उतारा आठवडाभर ठेवावयाचा. प्रवचनाची तयारी म्हणून हे वाचन करावयाचे नव्हते. आज मला या उताऱ्यात काय सांगितले जात आहे, एवढेच पाहावयाचे होते.

विद्यापीठांत चिकित्सक अभ्यास करून आलेल्या तरुणांना हा अर्धा तास जड गेला. काय करावे हेच अनेकांना समजेना. बाहेरूनही टीका झाली. कार्ल बार्ट यांच्यासारख्या ज्येष्ठ व सहानुभूती बाळगणाऱ्या धर्मशास्त्रज्ञालाही १९३६ मध्ये या प्रकाराला मठवासाचा वास येतो असे वाटले आणि तसे त्यांनी बोनहॉफर यांना पत्राने कळविले. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. बाहेर राज्यसत्ता माणसे चिरडत असताना आत अर्धा तास डोळे मिटून बसणे म्हणजे पळवाट नव्हे काय, असा प्रश्न तेव्हा रास्त होता आणि आजही रास्त आहे. गेस्टापोने सप्टेंबर १९३७ मध्ये ते विद्यालय बंद केले. त्या सहजीवनाचा अनुभव बोनहॉफर यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गेमाइनझामेस लेबेन’, म्हणजे ‘सहजीवन’, या पुस्तकात मांडला.

बार्ट यांच्या आक्षेपाला उत्तर मिळाले ते युक्तिवादातून मिळाले नाही. जून १९३९ मध्ये, युद्ध तोंडावर आले असताना, लष्करी भरतीचा प्रश्न समोर असलेले बोनहॉफर मित्रांच्या खटपटीमुळे अमेरिकेत पोहोचले. १२ जून रोजी ते न्यूयॉर्कला उतरले. तेथे सुरक्षितता होती, काम होते, मान होता. मात्र त्यांची त्या दिवसांची रोजनिशी विलक्षण अस्वस्थ आहे. त्यात दिनवचनांचे उल्लेख वारंवार येतात. यशया २८:१६ या वचनाचाही उल्लेख आहे. श्रद्धावान उतावळा होत नाही, असा मूळ हिब्रू वचनाचा रोख आहे. परंतु लूथरच्या जर्मन भाषांतरात श्रद्धावान पळून जात नाही, असे शब्द आहेत. मायदेश सोडून आलेल्या माणसाला त्या एका क्रियापदाने कसे गाठले असेल, याची कल्पना करता येते. भाषांतराचा अभ्यास करणाऱ्यांनी हा दाखला अवश्य नोंदवावा.

२० जून रोजी त्यांनी अमेरिकेतील प्रस्तावित काम नाकारले. २६ जूनला पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील हिवाळ्यापूर्वी येण्याची विनंती (४:२१) त्यांच्या वाचनात आली आणि ती दिवसभर त्यांच्या मनातून जाईना. ही विनंती आपल्यालाच केली आहे असे मानणे हा शास्त्राचा दुरुपयोग ठरू नये, अशा आशयाची नोंद त्यांनी केली. जुलैच्या आरंभी ते जर्मनीला परतण्यासाठी जहाजात बसले.

येथे चिकित्सक वाचक थबकेल, आणि त्याने थबकावे. पौलाची ती ओळ म्हणजे वृद्धपणी तुरुंगात पडलेल्या एका माणसाने आपल्या तरुण सहकाऱ्याला केलेली साधी विनंती आहे. तिचा १९३९ च्या जर्मनीशी काडीचाही संबंध नाही. मग बोनहॉफर यांचे वाचन आणि पान उघडून कौल घेणाऱ्याचे वाचन यांत फरक कोणता? पहिला फरक कालक्रमाचा आहे. प्रस्ताव नाकारण्याचा निर्णय त्या वचनापूर्वी सहा दिवस झालेला होता. वचनाने निर्णय घेतला नाही. घेतलेल्या निर्णयापासून मागे फिरणे त्याने अवघड केले. दुसरा फरक दिशेचा. ते वचन त्यांना सुखरूप ठिकाणाहून संकटाकडे नेत होते. तिसरा फरक असा की, आपल्या हेतूंविषयी आपणास पूर्ण स्पष्टता नाही हे त्यांनी त्याच रोजनिशीत लिहून ठेवले. वचन हाती आले म्हणून त्यांनी आत्मपरीक्षण थांबविले नाही. राइनहोल्ड नीबुर यांना लिहिलेल्या पत्रात तर त्यांनी परतण्याचे कारण शास्त्रवचनाच्या भाषेत न सांगता साध्या शब्दांत सांगितले : या काळातील संकटांत आपल्या लोकांबरोबर राहिलो नाही, तर युद्धानंतरच्या पुनर्घडणीत भाग घेण्याचा हक्क आपल्याला उरणार नाही.

हिटलरविरोधी कटाशी संबंधित वर्तुळात वावरणाऱ्या बोनहॉफर यांना ५ एप्रिल १९४३ रोजी अटक झाली. बर्लिनच्या टेगल तुरुंगातील त्यांच्या पत्रांत दिनवचने पुन्हा पुन्हा डोकावतात. २० जुलै १९४४ चा हिटलरच्या हत्येचा प्रयत्न फसला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या दोन दिवसांच्या वचनांचा निर्देश केला आहे. रथ व घोडे यांवर भिस्त ठेवणाऱ्यांविषयीचे विसाव्या स्तोत्रातील वचन २० जुलैचे होते. २१ जुलैचे वचन मेंढपाळाच्या प्रसिद्ध स्तोत्रातील होते. ८ एप्रिल १९४५ रोजी, रविवारी, शोनबर्ग येथे इतर कैद्यांनी त्यांना उपासना चालविण्याची विनंती केली. कैद्यांत कॅथलिक बरेच होते आणि एक रशियन नास्तिकही होता. म्हणून बोनहॉफर यांनी प्रथम संकोच केला. त्या रशियनाचीही हरकत नाही हे कळल्यावर त्यांनी त्या दिवसाच्या वचनांवर, म्हणजे यशया ५३:५ आणि १ पेत्र १:३ यांवर, निरूपण केले. उपासना संपताच त्यांना नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिल रोजी, फ्लॉसेनबर्ग येथे त्यांना फाशी झाली.

दिनवचनांच्या या निष्ठावान वाचकाने ‘सहजीवन’ या पुस्तकात एक इशारा देऊन ठेवला आहे, आणि तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. दिनवचने मोलाची आहेत. परंतु ती शास्त्राच्या सलग वाचनाची जागा घेऊ शकत नाहीत, असे ते बजावतात. घरच्या उपासनेत स्तोत्राबरोबर जुन्या कराराचा एक अध्याय आणि नव्या कराराचा निदान अर्धा अध्याय वाचला जावा, असा त्यांचा आग्रह आहे.

सुट्या वचनाचा धोका

हा इशारा अनाठायी नाही, हे दोन लोकप्रिय वचनांवरून दिसते. यिर्मया २९:११ हे वचन शुभेच्छापत्रांवर, दिनदर्शिकांवर आणि परीक्षेला निघालेल्या मुलांच्या वह्यांवर सर्रास आढळते. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला भवितव्य व आशा देणारे आहेत, असा त्याचा आशय आहे. एकटे वाचले तर निकाल चांगला लागेल, नोकरी मिळेल, असा दिलासा त्यातून सहज निघतो. परंतु हे वचन बाबेलच्या हद्दपारीत असलेल्या यहुदी लोकांना लिहिलेल्या पत्रातील आहे. लगेच आधीच्या, दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना ते भवितव्य डोळ्यांनी दिसणारच नव्हते. मग त्यांनी करावयाचे काय? तेही त्याच पत्रात आहे : घरे बांधा, बागा लावा, लेकरांची लग्ने करा, आणि ज्या परक्या नगरात तुम्हाला आणले आहे त्याचे हित साधा व त्याच्यासाठी प्रार्थना करा (२९:५-७). शत्रूच्या नगराचे हित! सुट्या वचनात वैयक्तिक यशाची हमी दिसते. अध्यायात नावडत्या ठिकाणी चिकाटीने व सद्भावनेने राहण्याची आज्ञा दिसते. इच्छेविरुद्ध दूरच्या गावी बदली झालेल्या प्राध्यापकाने हा अध्याय वाचला, तर त्याला दिलासा कमी आणि काम जास्त मिळेल.

फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ ची गत हीच आहे. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो, हा आशय खेळाडूंच्या बुटांवरसुद्धा लिहिलेला दिसतो. बाराव्या वचनात पौल मात्र भूक व तृप्ती, विपुलता व टंचाई या दोहोंत राहावयास शिकलो, असे सांगत आहे आणि तेही बंदिवासातून. त्याचे ‘सर्व काही’ म्हणजे सर्व काही सोसणे होय.

लेवीय १९ : उपयोजनाचा एक नमुना

उपयोजन प्रत्यक्षात कसे होते, हे पाहण्यासाठी एकच अध्याय घेऊ. आपल्यासारखीच आपल्या शेजाऱ्यावर प्रीती करावी, हे वचन ख्रिस्ती नीतीचा गाभा मानले जाते. येशूने ते नवे सांगितलेले नाही. ते लेवीय १९:१८ मध्ये आहे. नुसते वाचले तर या वचनाशी कोणाचाच वाद होत नाही, आणि म्हणूनच ते कोणाला अडवतही नाही. मनात सर्वांविषयी सद्भाव आहे, एवढ्यावर वाचक समाधानी होतो.

आता तोच अध्याय नवव्या वचनापासून वाचावा. शेताच्या कडेचे पीक कापू नये, गळालेले द्राक्ष वेचू नये; ते गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी राहू द्यावे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. बहिऱ्याला शाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये. न्याय करताना गरिबाची बाजू घेऊ नये आणि थोराचे तोंड पाहू नये. चहाड्या करीत फिरू नये. मनात द्वेष न ठेवता शेजाऱ्याचा दोष त्याला सांगावा. आणि त्यानंतर अठराव्या वचनात प्रीतीची आज्ञा येते. पुढे परदेशीयावरही तशीच प्रीती करावी, तराजू व वजने खरी असावीत, असे सांगितले आहे. म्हणजे प्रीती ही भावना म्हणून एकटी उभी नाही. मजुरी, माप, साक्ष आणि जिभेचा वापर यांच्या मधोमध तिला बसविले आहे.

या अध्यायावर सकाळी दहा मिनिटे मनन करणाऱ्या एखाद्या अध्यापकाची कल्पना करावी. मजुरीविषयीच्या तेराव्या वचनाजवळ त्याला घरी भांडी घासणाऱ्या बाईंचा पगार आठवेल. महिन्याची सात तारीख उलटून गेली आहे आणि सुटे पैसे नाहीत म्हणून तो राहिला आहे. तिची अडचण तिने बोलून दाखविलेली नाही. पण वचनाने मुदत सकाळपर्यंतचीच घातली आहे. तो प्राचार्य असेल किंवा संस्थेच्या कारभारात त्याचा हात असेल, तर त्याला तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या मानधनाची देयके आठवावीत. ती महिनोन्‌महिने रखडतात हे महाराष्ट्रात कोणाला नवीन नाही. पंधराव्या वचनाजवळ अंतर्गत गुणांची यादी आहे. तेथे थोराचे तोंड पाहण्याला जशी मनाई आहे, तशीच कीव येऊन गरिबाला झुकते माप देण्यालाही आहे. हा दुसरा भाग आपल्याला पटवून घेणे अधिक कठीण जाते. सोळावे वचन स्टाफरूमसाठीच लिहिले आहे की काय, असे वाटावे.

या सर्वांत रूपकाचा किंवा गूढ अर्थाचा आधार कोठेही घ्यावा लागला नाही. प्राचीन इस्राएलातील शेतमजूर आणि आजचा तासिकेवरचा अध्यापक यांची परिस्थिती एक नाही. पण मजुरी अडकली की संध्याकाळची चूल अडते, हे कारण दोन्हीकडे तेच आहे, आणि अनुवाद २४:१५ मध्ये ते कारण स्पष्ट शब्दांत दिलेलेही आहे. मूळ आज्ञेमागचे कारण ओळखून आपल्या दिवसात तेच कारण कोठे लागू पडते ते शोधणे, हे उपयोजनाचे प्रामाणिक रूप होय. मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळ होताच कारभाऱ्याला मजुरी द्यावयास सांगतो (२०:८). येशूचे श्रोते लेवीय जाणत होते. त्यामुळे दाखल्यातील ती संध्याकाळ त्यांना वेगळी समजावून सांगावी लागली नाही. सलग वाचनाचा हा आणखी एक लाभ : ग्रंथच ग्रंथावर भाष्य करू लागतो.

रात्री इग्नेशियस यांच्या पद्धतीने हिशेब घ्यावयाचा तर प्रश्नही साधाच राहतो. पगार दिला की नाही?

मराठी घरातील वचन

आपल्या प्रांतात या मननपद्धतीचा विचार करताना भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. जे रोज वाचावयाचे ते रोजच्या भाषेत हवे. विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली श्रीरामपूर येथे मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर १८०५ मध्ये छापले गेले, तेव्हापासून मराठी शास्त्रग्रंथाची भाषा वारंवार सुधारली गेली. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती भक्तीला त्यांनी अभंगाचे वळण दिले. ‘अभंगांजली’तील रचना आणि त्यांची भजने आजही मराठी मंडळ्यांत म्हटली जातात. अभंग पाठ होतो, काम करता करता गुणगुणता येतो. पहिल्या स्तोत्रातील त्या पुटपुटण्याच्या क्रियापदाला याहून चांगले मराठी रूप सापडणे कठीण. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये तर श्रद्धेचा बदल सिद्धान्ताच्या चर्चेतून न येता पाणी, स्वयंपाक, शिवाशिव अशा घरगुती गोष्टींतून येताना दिसतो. ज्यांना उपयोजन या शब्दाचा अर्थ पाहावयाचा आहे त्यांनी ते आत्मचरित्र या दृष्टीने पुन्हा वाचावे.

पंडिता रमाबाईंचे कार्य या संदर्भात अधिक तपशिलाने पाहण्यासारखे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगाव येथील मुक्तिसदनात त्यांना आसरा दिला. यांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यांना रोज वाचता येईल, ऐकून समजेल असे शास्त्र हवे, तर प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द अडथळा ठरतात, हे रमाबाईंच्या ध्यानात आले. ज्यांच्या संस्कृत पांडित्याला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली होती, त्या विदुषीने संस्कृत शब्द दूर सारण्यासाठी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळ भाषांवरून साध्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. या कामाला सुमारे अठरा वर्षे लागली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याची छपाई केडगावलाच, मुक्तिसदनाच्या छापखान्यात झाली. दुष्काळातून आलेल्या आणि तेथेच लिहावाचावयास शिकलेल्या स्त्रियांनी तेथे खिळे जुळविण्यापासूनची कामे केली. खिळे जुळविणारीला ओळ अक्षराअक्षराने वाचावी लागते, एकही शब्द सोडता येत नाही, आणि आवडीचे वचन तेवढे निवडून पुढे जाता येत नाही. वंशावळी, मोजमापे, मजुरीचे नियम, विलापगीते, सारे काही क्रमाने हाताखालून जाते. लेवीयाचा एकोणिसावा अध्यायही त्यांच्या हाताखालून तसाच गेला असणार.